गोंदणाची शाई : घटकद्रव्ये आणि सुरक्षितता (गिरणगावाच्या संदर्भात)

गोंदण हा महाराष्ट्रातील स्त्रीजीवनाचा जुना अलंकार होय. कपाळावरील टिंब, हनुवटीवरील ठिपका, हातावरील तुळशीवृंदावन ही त्याची परिचित रूपे. बाळकृष्ण आत्माराम गुप्ते यांनी १९०२ साली ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये भारतीय स्त्रियांच्या गोंदणनमुन्यांवर टिपण लिहिले होते. कोकणातून व घाटावरून परळ-लालबागच्या चाळींत आलेल्या गिरणी कामगारांच्या घरांतील स्त्रियांनी हे गोंदण अंगावर वागवीतच मुंबई गाठली. आज त्यांच्या नातवंडांच्या दंडावर गणपती, त्रिशूळ किंवा ‘आई’ ही अक्षरे दिसतात. नक्षीबरोबर शाईही बदलली. चर्चा मात्र नक्षीचीच होते. प्रस्तुत लेखात शाईचा विचार केला आहे.

जुन्या गोंदणात दिव्याची काजळी हे मुख्य द्रव्य असे. ती पाण्यात वा वनस्पतीच्या रसात कालवून सुईने त्वचेत टोचली जाई. ‘पूर्वीचे ते नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ हा समज येथे टिकत नाही. तेलाच्या अपूर्ण ज्वलनातून काजळी धरते व त्याच क्रियेत बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बने तयार होतात. त्यांपैकी काही कर्करोगकारक आहेत. आजच्या काळ्या शाईतील कार्बन ब्लॅक हे तिचेच कारखानी रूप.

आधुनिक शाई म्हणजे वाहक द्रवात तरंगणारे रंगकण. वाहकात पाणी, ग्लिसरीन, अल्कोहोल व टिकाऊपणासाठी घातलेली रसायने असतात. पांढऱ्या छटेसाठी टायटॅनियम डायऑक्साइड, तपकिरीसाठी लोहाची ऑक्साइडे, निळ्या-हिरव्यासाठी थॅलोसायनिन, तर लाल-पिवळ्यासाठी बहुधा अझो रंग वापरतात. यांतील बहुतेक रंगद्रव्ये मुळात भिंती, वाहने, प्लास्टिक व छपाई यांसाठी घडविलेली आहेत. त्वचेची प्रतिकूल प्रतिक्रिया लाल रंगात अधिक आढळते. अझो रंगांचे रेणू सूर्यप्रकाशात, तसेच गोंदण काढताना लेझरच्या माऱ्यात फुटून सुगंधी अमाइने मुक्त होऊ शकतात. वस्त्रोद्योगाला हा प्रश्न अपरिचित नाही : घातक अमाइने सोडणाऱ्या अनेक अझो रंगांच्या हाताळणीवर केंद्र शासनाने १९९० च्या दशकातच बंदी घातली. कापडासाठी घेतलेली ती दक्षता कातडीच्या वाट्याला आलेली नाही, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

टोचलेली शाई त्वचेत निपचित पडून राहते असेही नाही. त्वचेतील भक्षकपेशी रंगकण गिळतात. त्या मेल्या की कण सुटतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. उंदरांवरील संशोधनातून हे २०१८ मध्ये दाखविले गेले. म्हणजे गोंदणाचे टिकणे हीच शरीराची न संपणारी झटापट होय. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात तर रंगद्रव्याचे सूक्ष्म कण मानवी लसिकाग्रंथींत पोहोचल्याचे आढळले.

रसायनांखेरीज जंतूंचा धोका आहेच. २०११ च्या सुमारास अमेरिकेतील रॉचेस्टर येथे १९ जणांच्या गोंदणाला मायकोबॅक्टेरियमचा संसर्ग झाला. शाई कारखान्यातच दूषित झाली होती. मोहोरबंद बाटली व नवी सुई असूनही धोका उरतो, तो असा. जत्रेत एकाच टोपणातील शाई व एकच सुई अनेकांना वापरली गेल्यास कावीळ ब, क आणि एच.आय.व्ही. यांचाही त्यात समावेश होतो.

युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणशाईतील चार हजारांहून अधिक रसायनांवर निर्बंध घातले. भारतात ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४०’ मधील सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येत शरीरात प्रविष्ट करावयाचे पदार्थही येतात. तथापि या शाईसाठी तशी घटकनिहाय तपशीलवार बंधने नाहीत. २०२५ च्या आरंभी कर्नाटकच्या आरोग्यमंत्र्यांनी शाईच्या नमुन्यांत २२ धातू आढळल्याचे सांगून केंद्राकडे मानकांचा आग्रह धरला.

महाविद्यालयांचा या विषयाशी थेट संबंध येतो तो राष्ट्रीय सेवा योजनेच्या रक्तदान शिबिरात. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या निर्देशांनुसार गोंदवून घेतल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही. परळच्या के.ई.एम. व टाटा रुग्णालयांतील रुग्णांना रक्ताची निकड सदैव असते. म्हणून नवरात्रात हौसेने गोंदवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला ही अट सुई टोचण्यापूर्वी कळणे इष्ट. तेथे संशय शाईवर नसून सुईवर असतो : संसर्गानंतर काही काळ विषाणू रक्तात असूनही चाचणीत सापडत नाही आणि दाता स्वतः ठणठणीत असतो.