नेपाळ बागेत आहे, वर्गात का नाही?

आंब्याला मोहोर धरला की रत्नागिरीच्या कलमांच्या बागांत नेपाळी राखणदार मुक्कामाला येतात. मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरचे कितीतरी खलाशीही नेपाळचेच. शेजारच्या देशातला तरुण इथवर येतो, आणि कुणी आवतण न देता येतो. कॉलेजच्या वर्गात मात्र तो जवळपास दिसत नाही. परदेशी विद्यार्थी म्हणजे पुणं, असं आपण धरून चालतो.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार 2021-22 मध्ये देशात 46,878 परदेशी विद्यार्थी होते. त्यांतले सुमारे 28 टक्के एकट्या नेपाळचे होते. दुसऱ्या क्रमांकावरचा अफगाणिस्तान सात टक्क्यांच्याही आत. ही तफावत कॉलेजांच्या दर्जातून आलेली नाही. नेपाळी मुलाला व्हिसाच लागत नाही. अफगाण मुलाला व्हिसा हवा, आल्यावर 14 दिवसांत नोंदणी हवी, आणि त्याला ठेवून घेणाऱ्याने 24 तासांत माहिती कळवायला हवी. ही माहिती कळवण्याचा कागद वर्षानुवर्षे ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखला गेला. खोली नाकारणारा घरमालक दरवेळी परक्याला बिचकलेला नसतो. त्याला पोलीस ठाण्याची कटकट नको असते. तरी अफगाण मुलं आली, कारण भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद त्यांना वर्षाला हजारापर्यंत शिष्यवृत्त्या देत होती. कागद कमी लागतात का किंवा खर्चाची सोय होते का, यावर बरंचसं ठरतं. विद्यापीठांच्या चकचकीत माहितीपत्रकांना आपण उगाच श्रेय देतो.

पण मूल आलं म्हणजे रुळलं असं नाही. पुण्यात डॉ. शां. ब. मुजुमदारांनी 1971 मध्ये सिम्बायोसिस सुरू केलं ते पदव्या वाटायला नव्हे. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचं काम पाहताना परदेशी मुलांचं आजारपणातलं एकटेपण त्यांनी पाहिलं होतं; कॉलेजं मागाहून आली. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं, तेव्हा पुण्यातल्या अफगाण मुलांचे घरून येणारे पैसे थांबले आणि परतीची वाटही बंद झाली. अशा वेळी दिल्लीची योजना फार तर मुदतवाढ देते. मेसचं बिल थोपवणारा माणूस गावातलाच लागतो.

आपल्याच मुलांना जागा पुरत नाहीत, मग बाहेरच्यांना कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी 25 टक्क्यांपर्यंत जागा मंजूर संख्येच्या वर ठेवायला मुभा दिली; त्या कुणाच्या वाट्यातून जात नाहीत. जादा जागेबरोबर जादा शिक्षक येत नाही, हे मात्र खरं, आणि तिथे माझ्याकडे उत्तर नाही. दुसरा आक्षेप असा, की पुणं-बंगळुरू सोडून रत्नागिरीला येईल कोण? कॉम्प्युटर शिकायला कुणी येणार नाही. पण इथल्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय 1981 पासून चालू आहे, आणि श्रीलंका, मालदीव, बांगलादेश हे मासळीवर जगणारे शेजारी आहेत. हे महाविद्यालय कृषी विद्यापीठाखाली येतं आणि त्या विद्यापीठांचे प्रवेशनियम वेगळे आहेत, तेवढी वाट सरकारला मोकळी करावी लागेल.

तोवर सुरुवात आणखी जवळून करता येईल. बागेतल्या राखणदाराची जी मुलं इथल्याच शाळेत शिकतात, ती मराठी बोलतात, पावसाळा ओळखतात, आणि त्यांना व्हिसा लागत नाही. दहावीनंतर त्यांचं पुढे काय होतं, एवढी चौकशी तरी कॉलेजांनी करावी.