एकच बातमी तीन तोंडांनी: फ्यूजन परिषदेला पेपर पाठवताना

आजचा विषय इंजिनिअरिंगच्या मुलामुलींचा आहे, पण त्यांच्या आईवडिलांनीही ऐकायला हरकत नाही. शास्त्रीय परिषदेला पेपर पाठवतात म्हणजे नेमकं काय करतात, आणि तो परत का येतो, हे आज बोलू. उदाहरण घेऊ ‘इन्फर्मेशन फ्यूजन’ या शाखेचं, कारण या शाखेचा धडा मी पुस्तकात वाचण्याआधी नोकरीत शिकलो होतो.

मी तेव्हा कॅप्टन होतो. हिवाळ्यातली धुक्याची रात्र. वायरलेसवर एका चौकीने कळवलं की खालच्या नाल्यात तीन-चार माणसांची हालचाल आहे. दहा मिनिटांत दुसऱ्या चौकीकडून तीच खबर. मग गावाकडून तिसरी. तीन ठिकाणांहून एकच गोष्ट आली म्हणजे पक्की, असं मी धरलं आणि गस्त बाहेर काढली. चार तास जवान थंडीत फिरले, हाती काही लागलं नाही. परतताना एकाचा पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. सकाळी आमचे सुभेदार साहेब रजिस्टर घेऊन बसले, तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्या चौकीने पहिलीचं बोलणं वायरलेसवर ऐकून पुढे ढकललं होतं. आणि पहिल्या चौकीला सांगणारा गावकरी तोच होता, ज्याच्याकडून तिसरी खबर आली. म्हणजे बातमी एकच होती, ती तीन वाटांनी माझ्याकडे आली. मोजताना चूक माझी झाली.

फ्यूजन म्हणजे रडार, कॅमेरा, सोनार, माणसाची खबर अशा अनेक मार्गांनी आलेली माहिती एकत्र करून एक अंदाज बांधणं. साधं गणित पाहा. एका रडारच्या अंदाजात साधारण 100 मीटरची चूक असते. तशाच दुसऱ्या, स्वतंत्र रडारची माहिती जोडली की चूक सुमारे 71 मीटरवर येते. चार स्वतंत्र रडार असतील तर 50 मीटर. पण ही चारही आकडे एकाच रडारचे, फिरून आलेले असतील, तर खरी चूक 100 मीटरच राहते. आपण मात्र कागदावर 50 लिहितो. चुकीपेक्षा हा खोटा आत्मविश्वास जास्त घातक, कारण पुढचा माणूस त्याच्यावर विसंबून निर्णय घेतो.

या विषयाची मुख्य आंतरराष्ट्रीय परिषद 1998 मध्ये अमेरिकेत लास व्हेगासला सुरू झाली. तेव्हापासून ती दरवर्षी वेगवेगळ्या देशांत भरते. 2018 मध्ये ती केंब्रिजला होती, 2024 मध्ये व्हेनिसला. हल्ली ती बहुधा जुलैच्या सुमारास असते आणि पेपर त्याच्या काही महिने आधी द्यावे लागतात. नेमकी मुदत आणि पानांची मर्यादा त्या त्या वर्षीच्या निवेदनात असते. ते निवेदन हुकमासारखं वाचा. दोन रकान्यांचा ठरलेला साचा असतो, तो बदलायचा नाही. पान वाचवायला अक्षर बारीक करायचं नाही. शेवटच्या रात्री संकेतस्थळ मंद होतं, म्हणून दोन दिवस आधी पाठवा.

पाठवलेला पेपर त्या विषयातले परीक्षक वाचतात. हे काम ते बहुतेक विनामोबदला, आपली नोकरी सांभाळून करतात. पेपर स्वीकारला गेला तर त्यांच्या सूचनांनुसार दुरुस्त केलेली अंतिम प्रत द्यायची, कॉपीराइटचा फॉर्म भरायचा, आणि लेखकांपैकी किमान एकाने नोंदणी करून पेपर सादर करायचा. एकच पेपर एकाच वेळी दोन परिषदांना पाठवणं गैर. तेही एकच बातमी दोनदा मोजण्यासारखंच झालं.

आता मुख्य मुद्दा. परीक्षक काय शोधतात? माझ्या भाचीचा मुलगा बडोद्याला शिकतो. त्याने तीन मित्रांबरोबर ड्रोनचा माग काढण्यावर पेपर लिहिला. दोन कॅमेरे आणि एक छोटं रडार, तिन्हींची माहिती एकत्र करून ड्रोन कुठे आहे ते सांगायचं. मी तो दोनदा वाचला. आलेख देखणे, इंग्रजी स्वच्छ. मी म्हटलं, “पाठवा बिनधास्त.” पेपर नाकारला गेला. एका परीक्षकाने एकच प्रश्न विचारला होता: दोन्ही कॅमेऱ्यांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, हे तुम्ही कशावरून धरलंत?

मुलं चिडली. मी फोटो मागवून पाहिला आणि गप्प झालो. दोन्ही कॅमेरे एकाच खांबावर बसवलेले होते. वारा आला की खांब हलणार, आणि दोन्ही कॅमेरे एकाच बाजूला, एकाच वेळी चुकणार. पुन्हा साक्षीदार एकच, तोंडं दोन. ज्या चुकीसाठी एका जवानाचा पाय मोडला, तीच चूक इतक्या वर्षांनी माझ्या डोळ्यांसमोरून दोनदा गेली आणि मला दिसली नाही.

ही चूक पकडायची साधनं आहेत, आणि त्यातली दोन आपल्या देशातली आहेत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1936 मध्ये कोलकात्यातून एक अंतर मांडलं. ते नुसतं मीटरमध्ये मोजत नाही, अनिश्चिततेच्या मापाने मोजतं. तुम्ही म्हणता चूक 50 मीटर आणि प्रत्यक्षात अंदाज वारंवार 100 मीटरने हुकतो, तर हे अंतर लगेच फुगतं. अंदाज स्वतःच्या दाव्याशी प्रामाणिक आहे का, हे या क्षेत्रात आजही याच मापाने तपासतात. दुसरं साधन सी. आर. राव यांचं, 1945 चं. स्वीडनच्या हाराल्ड क्रामेर यांचंही नाव त्याला जोडलेलं आहे. हातातल्या माहितीतून पूर्वग्रह न ठेवता केलेल्या अंदाजाची चूक सरासरीने किती कमी होऊ शकते, याची ती खालची सीमा आहे. तुमचा आकडा त्या सीमेच्याही खाली गेला, तर आनंद मानू नका, आधी हिशेब तपासा. आणि दोन माहितींत किती नातं आहे हेच ठाऊक नसेल, तर त्यांना सावधपणे जोडण्याची एक रीत ज्युलियर आणि उलमन यांनी 1997 मध्ये मांडली. तिच्यात अंदाज थोडा ढिला राहतो, पण खोटी खात्री देत नाही.

म्हणून पेपर पाठवण्याआधी चार गोष्टी करा. एक, काय काय गृहीत धरलं आहे ते पेपरमध्येच स्पष्ट लिहा. दोन, तुमची पद्धत एखाद्या जुन्या, सर्वमान्य पद्धतीशी त्याच माहितीवर ताडून पाहा. 1960 चा काल्मन फिल्टर आजही चांगला प्रतिस्पर्धी आहे. तीन, एका प्रयोगावर भागवू नका. शंभर वेळा चालवा आणि सरासरीबरोबर फसलेले प्रयोगही दाखवा. चार, विषयाबाहेरच्या माणसाला यंत्रांची प्रत्यक्ष मांडणी दाखवा. खांब त्याला दिसेल.

आणखी एक सावधगिरी. कुठल्याही विषयाचा पेपर घेणाऱ्या, दोन दिवसांत स्वीकार कळवणाऱ्या आणि लगेच फी मागणाऱ्या परिषदांपासून लांब राहा. जिथे कोणी वाचलंच नाही, तिथला होकार म्हणजे काहीच नाही. बडोद्याच्या मुलांना मिळालेला नकार त्यापेक्षा लाखमोलाचा होता.

मुलांनी दुसरा कॅमेरा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर नेला आणि सगळं पुन्हा मोजलं. पहिल्या पेपरमधली चूक 2 मीटरची सांगितली होती, आता ती 3 च्या वर आली. भाचा म्हणाला, “आजोबा, आकडा तर वाईट झाला.” मी म्हटलं, “आकडा होता तेवढाच होता रे, आता तो खरा लिहिलास.” सुधारलेला पेपर त्यांनी पाठवला आहे. निकाल अजून यायचा आहे. काहीही आला तरी पुढच्या एखाद्या भागात तुम्हाला सांगेन.

तोवर नमस्कार. जय हिंद.