काळे पडलेले कॉन्टॅक्ट आणि हायड्रोजनची करामत

विहिरीवरची मोटार उचलेना की पहिला हात स्टार्टरच्या झाकणाकडे जातो. टेंभुर्णीपासून जाफराबादपर्यंत कुठल्याही शिवारात हेच. कॉन्टॅक्ट काळे दिसले की काचकागद निघतो. निदान ठरलेलं: ‘ऑक्साइड चढलं, करंट जाईना.’

हा समज अर्धा खरा आहे, म्हणूनच चिवट आहे. ॲल्युमिनियमच्या तारेवरचं ऑक्साइड खरंच वीज अडवतं. पण स्टार्टरच्या चांदीच्या टिकल्यांत अनेकदा कथिलाचं ऑक्साइड मुद्दाम मिसळलेलं असतं. ठिणगीने टिकल्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून. नुसता काळेपणा हा बिघाड नव्हे. घासण्यात चांदीच जाते.

दुसरा समज, धातू ऑक्साइडला टेकला की जोड झाला. तसं नसतं. दोघांच्या सीमेवर इलेक्ट्रॉनांना एक उंबरठा ओलांडावा लागतो. तो उंच असेल तर जोड नावापुरताच.

इथे हायड्रोजन येतो. शाळेतल्या प्रयोगात तापलेल्या काळ्या कॉपर ऑक्साइडवरून तो सोडला की लालसर तांबं उरतं, त्यामुळे तो आपल्या डोक्यात ऑक्साइडचा वैरी म्हणून बसलेला. पण 2000 साली संशोधक ख्रिस व्हॅन डी वॉल यांनी गणिताने दाखवलं, की जस्ताच्या ऑक्साइडमध्ये शिरलेला हायड्रोजन इलेक्ट्रॉन देतो आणि वाहकता वाढवतो.

टीव्ही-मोबाइलच्या काही पडद्यांत इंडियम, गॅलियम आणि जस्ताच्या मिश्र ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर असतात. त्यांचा धातूशी होणारा सांधा सुधारायला टोकियोतल्या संशोधकांनी 2024मध्ये पॅलेडियमचा इलेक्ट्रोड वापरला. पॅलेडियम हायड्रोजनच्या रेणूचे अणू वेगळे करतो आणि आपल्यातून पार जाऊ देतो. ते थेट सीमेवर पोचतात, तिथला थोडा ऑक्सिजन काढून घेतात, मागे इलेक्ट्रॉन उरतात. सुमारे 150 अंशांवर एवढं घडलं आणि जोडाचा रोध कित्येक पटींनी उतरला. धातूच्या पोटातून वाट काढून नेमक्या जागी काम करणारा वायू! मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

मग जास्त हायड्रोजन जास्त चांगला? मुळीच नाही. सांध्यापुढे जाऊन तो आतल्या थरात पसरला, तर ट्रान्झिस्टर बंदच होत नाही.

इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होतानाही हायड्रोजन सुटतो. त्याने घरातले कॉन्टॅक्ट सुधारतील, असं मात्र कुणी समजू नये. पॅलेडियमशिवाय, खोलीच्या तापमानाला तो यातलं काहीच करत नाही. हवेत 4 टक्के साठला तर ठिणगीने पेटतो एवढं नक्की. बॅटरी मोकळ्या हवेत ठेवावी, स्विचबोर्डापासून दूर.