जीव लावण्याचा खेळ



संगणकाच्या पडद्यावर चित्रातले एक माणूस मरते आणि त्याला खेळविणाऱ्या चांगल्या जाणत्या माणसाच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. ही गोष्ट ऐकली की आपल्याकडील वडीलधारी मंडळी हसतात, किंवा 'भरल्या पोटाची थेरं' असे म्हणून मोकळी होतात. आमची शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, रात्रीचे. त्या वाचनाने एक खोड मात्र लावली : माणूस रडत असेल तर आधी कारण शोधावे, हसायचे की नाही ते मागाहून ठरवावे. त्या खोडीला अनुसरून हे चार शब्द.

ज्या खेळांविषयी आम्ही बोलत आहोत त्यांत शत्रू नसतो, बंदूक नसते, जिंकणे-हरणेही नसते. असतो तो संसार. यांतला सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे २००० साली अमेरिकेत निघालेला 'द सिम्स'. त्याचा कर्ता विल राइट. १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या वणव्यात त्याचे घर जळून गेले. संसार पुन्हा उभारताना माणसाला नेमके काय काय लागते, हा विचार त्याच्या मनात घोळू लागला आणि त्यातून खेळाची कल्पना वाढली. मुळात तो घरे बांधण्याचा खेळ व्हायचा होता. त्यातली चिमुकली माणसे बांधलेले घर राहण्याजोगे आहे की नाही एवढे दाखविण्यापुरती होती. पण पाहता पाहता घर मागे पडले आणि माणसे पुढे आली.

या प्रत्येक माणसाच्या नावे आठ पट्ट्या असतात : भूक, आराम, स्वच्छता, शौच, झोप, करमणूक, माणसांची संगत आणि नेटकी खोली. गरज भागली की पट्टी हिरवी, थकली की तांबडी. खेळणाऱ्याने त्यांना जेवू घालायचे, निजवायचे, कामावर धाडायचे. २००४ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत तर ही माणसे म्हातारी होऊन मरू लागली आणि नाकडोळे मुलांकडे जाऊ लागले.

आता मुख्य प्रश्न. हे सारे खोटे आहे हे खेळणाऱ्याला पक्के ठाऊक असते. मग जीव का गुंततो?

पहिले कारण आपल्या मनाच्या घडणीत आहे. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एका छोट्या चित्रफितीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रफितीत एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट, एवढेच होते; आकृत्या इकडून तिकडे हलत. ती ३४ जणांना दाखवून 'काय पाहिले ते लिहा' असे सांगितले. भूमितीच्या भाषेत वर्णन करणारा त्यांत जेमतेम एक निघाला. बाकीच्यांना तेथे भांडण दिसले, दांडगाई दिसली, पळापळ दिसली. जे आपण होऊन हलते त्याला मन असावे, असे धरून चालण्याची माणसाची रीत आहे. त्रिकोणाला जर मन मिळते, तर हातपाय असलेल्या चित्राला का मिळू नये?

दुसरे कारण असे, की यात जागा रिकामी ठेवलेली असते. 'द सिम्स'मधली माणसे जी भाषा बोलतात तिला अर्थच नाही. ते मुद्दाम घडविलेले गडबडगुंड्याचे बोलणे आहे. सूर तेवढा कळतो : राग, लाड, कंटाळा. शब्द आपले आपण भरावयाचे. आपल्या मुलींची भातुकली याहून निराळी नाही. बाहुली जेवत नाही हे चार वर्षांच्या पोरीलाही कळते. तरी चुरमुऱ्यांचा भात ती फुंकर घालूनच भरविते. ती फसलेली नसते. खेळात बाहुलीने जे केले नाही ते तिने केलेले असते.

पण तिसरे कारण आम्हांस सर्वांत मोठे वाटते, आणि ते श्रमाचे आहे. आपली भाषा दोन गोष्टी बोलते : जीव लागतो आणि जीव लावला जातो. पहिली आपोआप घडल्यासारखी वाटते. पण तिच्यामागे बहुतेक वेळा दुसरी असते. लेथवर वीस वर्षे काढलेला टर्नर 'माझी मशीन' म्हणतो. मालकीचा कागद मालकाजवळ असतो. पण तिचा कोणता आवाज कशाचा हे यालाच ठाऊक असते, आणि खंडेनवमीला झेंडूची माळ घालताना याचाच हात हळुवार होतो. ज्याची निगा राखली ते आपले होते. १९९६ साली जपानच्या बांदाई कंपनीने तामागोची नावाचे अंड्याएवढे खेळणे काढले. तीन बटणे आणि पडद्यावर ठिपक्यांचे एक पिल्लू. सुंदर म्हणावे असे त्यात काही नव्हते. ते भुकेले की ओरडे, आणि दुर्लक्ष झाले की मरे. पोरे ते शाळेत घेऊन जात. त्या ठिपक्यांना मोल आले ते वेळोवेळी भरविल्याने.

कादंबरी आणि हा खेळ यांत अंतर आहे ते येथेच. कादंबरीतील पात्र मेले तर आपण हळहळतो, दोष लेखकाचा. येथे पोर उपाशी राहिले तर ताट आपणच वाढलेले नसते. २००९ साली इंग्लंडमधील एका विद्यार्थ्याने या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत केव्ह नावाचा बाप आणि अ‍ॅलिस नावाची मुलगी घडविली, त्यांचा सारा पैसा काढून घेतला आणि त्यांना बेघर करून सोडले. बाप विक्षिप्त, मुलांचा तिटकारा असलेला, मुलगी मायाळू. काय घडते ते तो क्रमाने लिहीत गेला. पुढे अ‍ॅलिस कामाला लागली. हाती पैसा आला आणि तिच्या मनात इच्छा उमटली ती दान करण्याची. इच्छा यंत्राने सुचविलेली, स्वभावाच्या हिशेबावरून; पण ती पुरी करायची की नाही हे खेळणाऱ्याच्या हाती. त्या पैशाने मुलीचे हाल थोडे कमी झाले असते. त्याने तिची इच्छा राखली, आणि जवळचे सगळे पैसे तिने देऊन टाकले. ही हकीकत वाचून पुष्कळ लोक हेलावले. आम्हांस त्यात नवल वाटत नाही. संपाच्या दिवसांत स्वतःच्या घरी चूल थंड असताना शेजारच्या खोलीत पीठ पोचविणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. खरी गोष्ट ओळखीची असली म्हणजे चित्रातलीही काळजाला लागते.

एकटेपणाचाही यात वाटा आहे. निन्तेंदो कंपनीचा कात्सुया एगुची तरुणपणी घरदार आणि मित्र चिबाला सोडून नोकरीसाठी क्योतोला आला. त्या तुटलेपणातून त्याला 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' हा खेळ सुचला. तो २००१ साली निघाला. त्यातल्या गावचे प्राणी पत्रे लिहितात, आणि बरेच दिवस फिरकले नाही तर 'होतास कुठे?' म्हणून विचारतात. कोकणातून मुंबईला आलेल्या चाकरमान्याला या प्रश्नाची किंमत समजावून सांगावी लागणार नाही. मार्च २०२० मध्ये, जग दारे लावून बसले असताना, याच खेळाची नवी आवृत्ती आली आणि घरोघर खेळली गेली. कोणीतरी आपली वाट पाहते, एवढ्यासाठी.

तेव्हा या ओढीला वेड म्हणू नये. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, जीव आपला असला तरी किल्ली कंपनीची असते. 'द सिम्स'चे अनेकांनी मिळून खेळावयाचे एक रूप २००२ साली निघाले. १ ऑगस्ट २००८ रोजी ते बंद करण्यात आले. लोकांनी रात्री जागून वसविलेली घरे त्यासरशी गेली. गेटला टाळे लागले की 'माझी मशीन' म्हणणाऱ्याची जी गत होते तीच ही. जो खेळ श्रम मागतो, त्याच्यावर श्रम करणाऱ्याचा काही हक्क असावा की नाही, हा प्रश्न पोरखेळाचा नव्हे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पडद्यावरच्या माणसाची भूक पट्टीवर दिसते, म्हणून आपण धावतो. लोकांची मने कोरडी झाली आहेत असे जे म्हणतात त्यांनी हे पाहावे : गरज डोळ्यांसमोर आली की अनोळखी चित्रासाठीही माणूस झोप मोडतो. कोरडेपणा मनात नसतो. गरज दिसत नसते. शेजारच्या खोलीतल्या म्हातारीच्या डोक्यावर पट्टी नाही. दुसऱ्या पाळीवरून आलेल्या कामगाराची संगतीची पट्टी तांबडी झाली आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते. तेथे जावे लागते, बसावे लागते, विचारावे लागते. संघटनेचे निम्मे काम हेच आहे. आणि खेळ थांबवून ठेवता येतो, माणूस थांबवून ठेवता येत नाही.

म्हणून आईबापांना आमचे सांगणे एवढेच, की पोर चित्रातल्या माणसासाठी हळवे झाले तर त्याची थट्टा करू नका. त्याचे मन धड आहे याची ती खूण आहे. त्याच्याजवळ बसा, कोण मेले ते विचारा, आणि मग त्याला बरोबर घेऊन शेजारच्या म्हातारीचे दार वाजवा.