बीजभाषण आणि श्रोतृवर्गाचा प्रतिसाद

संगणक-व्यवसायातील मोठ्या कंपन्या दरवर्षी एक परिषद भरवितात आणि तिच्या आरंभी कंपनीचे प्रमुख नव्या वस्तूंची व योजनांची घोषणा करतात. या आरंभीच्या भाषणास इंग्रजीत 'कीनोट' म्हणतात. मराठीत 'बीजभाषण' हा शब्द विद्वत्परिषदांच्या निमंत्रणपत्रिकांतून रुळलेला असल्यामुळे तोच येथे स्वीकारणे सोयीचे होईल. परिषद ज्यांच्यासाठी भरते त्यांच्या नावाची अडचण मात्र अधिक आहे. त्यांना 'विकासक' म्हणावे तर मराठी वृत्तपत्रांच्या वाचकापुढे इमारती बांधणारा गृहस्थ उभा राहतो. म्हणून यंत्राकरिता आज्ञावली रचणारा तो 'आज्ञावलीकार' असे म्हटलेले बरे.

हा आज्ञावलीकार सामान्य ग्राहकाहून निराळा श्रोता आहे. ॲपल अथवा गूगल या कंपन्यांच्या यंत्रांवर चालणारी आज्ञावली तो स्वतः विकत असतो, आणि त्यासाठी त्याने आयुष्याची कैक वर्षे खर्ची घातलेली असतात. ६ जून २००५ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे मॅकिंटॉश संगणकांचा 'पॉवरपीसी' हा गाभा टाकून इंटेल कंपनीचा स्वीकारण्यात येत असल्याचे सांगितले, तेव्हा सभागृहातील पुष्कळांना आपले काम काही अंशी पुन्हा करावे लागणार हे त्याच क्षणी उमगले. व्यासपीठावरील एका वाक्याने मागचे श्रम वाया जातात किंवा पुढची वाट खुली होते, अशा ठिकाणी पडलेली टाळी ही केवळ शिष्टाचाराची नसते. ती केव्हा पडते, केव्हा पडत नाही आणि तिच्या जागी दुसरे काय उमटते, हा म्हणूनच भाषाव्यवहाराच्या अभ्यासकाने लक्ष द्यावा असा विषय आहे.

टाळ्यांच्या शास्त्राचा पाया राजकीय भाषणांच्या अभ्यासातून घातला गेला. मॅक्स ॲटकिन्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की, टाळी ही श्रोत्याच्या मनातील भावनेचा आपोआप झालेला स्फोट नव्हे. आपण एकटेच टाळी वाजवीत राहू ही भीती प्रत्येकास असते. तेव्हा सर्वांनी एकाच वेळी आरंभ करावा अशी जागा वक्त्यास वाक्यरचनेतून तयार करून द्यावी लागते. विरोध आणि त्रिपदी या अशा जागा निर्माण करणाऱ्या दोन प्रमुख रचना होत. हेरिटेज व ग्रेटबॅच यांनी १९८१ सालच्या ब्रिटिश पक्ष-अधिवेशनांतील ४७६ भाषणे तपासून, पडलेल्या टाळ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश टाळ्या अशा मोजक्याच रचनांच्या शेवटी आल्या असल्याचे १९८६ मध्ये दाखवून दिले. याची दुसरी बाजू स्टीव्हन क्लेमन यांनी १९९३ मध्ये मांडली: टाळी तत्काळ पडते, परंतु हुर्यो उशिरा उठते. नापसंती व्यक्त करण्यापूर्वी माणूस शेजाऱ्याचा अंदाज घेतो, त्यामुळे हुर्योच्या आधी बहुधा कुजबुज ऐकू येते.

हे सिद्धान्त व्यापारी व्यासपीठास लावताना थोडी दुरुस्ती करावी लागते. ९ जानेवारी २००७ चे, आयफोनची घोषणा करणारे भाषण त्रिपदीचे उदाहरण म्हणून नेहमी दिले जाते. (ते आज्ञावलीकारांच्या परिषदेतले नसून मॅकवर्ल्ड प्रदर्शनातले होते.) आज तीन वस्तू आणल्या आहेत, असे जॉब्ज यांनी सांगितले: स्पर्शाने चालणारा रुंद पडद्याचा आयपॉड, नव्या युगाचा फिरता दूरध्वनी, आणि इंटरनेटद्वारा संपर्क साधण्याचे साधन. ॲटकिन्सन यांच्या नियमाप्रमाणे तिसऱ्या पदावर टाळ्या कळसास पोचावयास हव्या होत्या. घडले ते उलट. पहिल्या पदास चांगला प्रतिसाद मिळाला, दुसऱ्यावर सभागृह दणाणले आणि तिसऱ्यावर टाळ्या ओसरल्या. कारण उघड आहे. श्रोते कित्येक महिने दूरध्वनीची वाट पाहत होते, 'संपर्काचे साधन' त्यांनी मागितलेले नव्हते. येथे रचनेवर अपेक्षेने मात केली. वक्त्याने मग तीच तीन पदे पुनःपुन्हा घोळविली आणि ती तीन नसून एकच वस्तू आहे हे श्रोत्यांच्या ध्यानात आणून देताच उतरलेला प्रतिसाद पुन्हा चढला.

त्याच वर्षी, ११ जून रोजी, खुद्द आज्ञावलीकारांपुढे निराळा अनुभव आला. आयफोनसाठी आज्ञावली रचण्याची अवजारे मिळावीत ही त्यांची मागणी होती. न्याहाळकाच्या आत चालणारी संकेतस्थळे हाच त्यावरचा उपाय आहे, असे त्यांना सांगण्यात आले. घोषणा शुभवार्तेच्या थाटात झाली, पण प्रतिसाद थंड होता. हुर्यो उठली नाही, आणि अशा सभेत ती क्वचितच उठते, कारण ज्याच्या यंत्रावर आपले पोट अवलंबून आहे त्याची हुर्यो कोण उडविणार? अशा ठिकाणी अल्प टाळी हाच निषेध समजावयाचा असतो. पुढे १७ ऑक्टोबर २००७ रोजी कंपनीने अवजारे देण्याचे जाहीर केले आणि मार्च २००८ मध्ये ती हाती आली. सभागृहातील शांततेमुळेच हे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल, परंतु त्या शांततेचा अर्थ चुकीचा नव्हता एवढे निश्चित.

कुजबुजीचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ३ जून २०१९ चे आहे. सॅन होझे येथील परिषदेत ॲपलने व्यावसायिकांसाठी एक उंची पडदा सादर केला. मांडणी विरोधाच्या रचनेवर उभारलेली होती: चित्रपटनिर्मितीत वापरला जाणारा प्रमाणभूत पडदा ४३,००० डॉलरचा, हा मात्र ४,९९९ डॉलरचा. पाठोपाठ विशेष काचेचा प्रकार ५,९९९ डॉलर, भिंतीस जोडण्याची तबकडी १९९ डॉलर. आणि शेवटी, पडदा ज्यावर उभा राहावयाचा ती बैठक ९९९ डॉलर. या शेवटच्या आकड्यावर सभागृहात स्पष्ट कुजबुज पसरली आणि क्षणभर वक्त्याची वाणीही अडखळली.

पाच हजार डॉलर ऐकून घेणारा श्रोता हजारावर का बिथरतो? महागाई हे याचे अपुरे उत्तर होय. पहिला आकडा ४३,००० च्या शेजारी बसविलेला होता, शेवटच्या आकड्याच्या शेजारी काहीच नव्हते. परंतु याहून खोल कारण अर्थविचाराचे आहे. 'पडदा' या शब्दाच्या श्रोत्यांच्या मनातील अर्थात बैठक गृहीत धरलेली होती. वक्त्याने ती स्वतंत्र नाम म्हणून उच्चारली आणि तिच्यापुढे स्वतंत्र संख्या ठेवली. खुंट्याची किंमत निराळी सांगून जाते विकावे, तसा हा प्रकार झाला. 'किंमत' या एका शब्दाविषयी वक्ता आणि श्रोता यांच्यात झालेला करार शेवटच्या वाक्याने मोडला आणि कुजबुज उठली ती त्या मोडण्यावर. क्लेमन यांच्या वर्णनातील पुढची पायरी, म्हणजे हुर्यो, सभागृहात आली नाही. ती बाहेर, जगभर थट्टेच्या रूपाने आली.

सभागृह आणि बाहेरचे जग यांचे निर्णय नेहमीच एका दिशेचे नसतात. ८ मे २०१८ रोजी गूगलच्या परिषदेत सुंदर पिचाई यांनी, यंत्र स्वतः केशकर्तनालयास दूरध्वनी करून वेळ ठरविते, याचे ध्वनिमुद्रण ऐकविले. पलीकडील स्त्रीने क्षणभर थांबावयास सांगितल्यावर यंत्राने 'म्-हं' असा हुंकार दिला आणि सभागृहात हशा पिकला. वाक्यरचना, उच्चार, तारीख-वेळेची देवाणघेवाण या साऱ्यांहून त्या दीड अक्षराने श्रोत्यांना अधिक जिंकले, ही गोष्ट भाषावैज्ञानिकास सुखावणारी आहे. हुंकारास कोशात अर्थ जवळजवळ नसतो. 'मी ऐकतो आहे' एवढेच तो सांगतो. गोष्ट सांगणाऱ्या आजीला हुंकार न मिळाला तर ती थांबते, हे मराठी घरात कोणास सांगावयास नको. परंतु जो हुंकार सभागृहात कौतुकाचा विषय झाला तोच बाहेर आक्षेपाचा ठरला: पलीकडच्या व्यक्तीला आपण यंत्राशी बोलत आहोत हे ठाऊक नव्हते. टीका झाल्यानंतर, यंत्र आपली ओळख आरंभीच देईल असे कंपनीस सांगावे लागले.

२०२० च्या महामारीत ॲपलने बीजभाषण आधी चित्रित करून दाखविण्याची पद्धत स्वीकारली आणि सभा पुन्हा भरू लागल्यावरही ती सोडली नाही. २०२२ पासून निमंत्रित आज्ञावलीकार कंपनीच्या आवारात जमतात आणि तेच चित्रण पडद्यावर पाहतात. टाळ्या आजही पडतात, पण वक्ता त्यांच्यासाठी थांबत नाही, आणि कुजबुज झाली तरी त्याची वाणी अडखळण्याचा संभव उरलेला नाही. ५ जून २०२३ रोजी टिम कुक यांनी 'आणखी एक गोष्ट' हे जॉब्ज यांचे प्रसिद्ध पालुपद उच्चारून डोळ्यांवर घालण्याचे यंत्र सादर केले तेही अशाच चित्रणात. मराठी रंगभूमीवर 'वन्समोअर' ही मागणी प्रेक्षकांची असे आणि गायक नटास ती मानावी लागे. येथे 'आणखी एक' म्हणण्याचा अधिकार प्रथमपासूनच वक्त्याकडे होता. पूर्वी तो निदान समोरच्या गर्जनेकडे पाहून बजावला जाई.

गूगलने मात्र जिवंत सभा चालू ठेवली. मे २०२४ मधील बीजभाषणाच्या अखेरीस पिचाई यांनी, कृत्रिम बुद्धीचा उल्लेख किती वेळा झाला हे कोणीतरी मोजीत असेल, असे म्हणून कंपनीच्याच यंत्राने केलेली मोजणी पडद्यावर दाखविली. आकडा १२० होता. तेवढ्यात त्यांच्या तोंडून तो शब्द पुन्हा निघाला, आकडा एकाने वाढला आणि श्रोते हसले.