न दुखणारी जखम

जखम झाली की ती दुखावी, यातच देहाचे हित असते. वेदना हा शरीराचा पहारेकरी होय. मधुमेह वर्षानुवर्षे अंगात मुरला, की पायांचे मज्जातंतू बधिर होतात आणि हा पहारेकरीच झोपी जातो. चपलेत शिरलेला खडा, नव्या जोड्याचा चावा, उन्हाने तापलेली देवळाची फरशी, काहीच जाणवत नाही. त्यातच पावलांचा रक्तपुरवठाही अनेकदा मंदावलेला असतो. मग तळव्यावरचा लहानसा व्रण महिनोन्महिने भरून येत नाही, चिघळतो आणि प्रसंगी बोट किंवा पाऊल कापण्याची पाळी येते.

निरोगी माणसाची जखम कशी भरते? रक्त गोठताच त्यातील प्लेटलेट्स काही प्रथिने सोडतात. त्यांना वृद्धिघटक म्हणावे. त्यांची हाक ऐकून पेशी जखमेकडे धावतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि कडांकडून त्वचा पुढे सरकते. मधुमेहाच्या जुनाट व्रणात मात्र दाह रेंगाळतो आणि तेथील विकरे या प्रथिनांचा आधीच फडशा पाडतात. तेव्हा उणा पडलेला घटक बाहेरून पुरवावा, हा विचार ओघानेच आला.

त्याचा उगम एका साध्या निरीक्षणात आहे. उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क टोचला असता त्यांच्या पिलांचे डोळे वेळेआधीच उघडतात, असे स्टॅन्ले कोहेन यांना दिसले. त्यातूनच त्वचेच्या पेशी वाढविणारा घटक हाती लागला. 1986 साली कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे 1997 मध्ये अमेरिकेत बेकाप्लर्मिन या जेलला मान्यता मिळाली. प्लेटलेट्समधील घटक यीस्टकडून तयार करवून घेऊन हे जेल बनते. क्यूबाने जखमेतच टोचण्याचे औषध काढले, तर आपल्या हैदराबादच्या भारत बायोटेकने त्वचावर्धक घटकाचे जेल बाजारात आणले.

मात्र आशेला मापही हवे. बेकाप्लर्मिनच्या एका प्रमुख चाचणीत 20 आठवड्यांत शंभरांपैकी सुमारे 50 रुग्णांचे व्रण पूर्ण भरले. औषधाविना नुसते जेल लावलेल्यांत हे प्रमाण 35 होते. म्हणजे लाभ खरा, पण निम्म्या रुग्णांना तो झाला नाही. आणि चांगल्या शुश्रूषेनेच अनेकजण बरे झाले. 2008 साली या औषधावर कर्करोगाविषयी ठळक इशारा छापला गेला. पुढील अभ्यासांनंतर 2018 मध्ये तो काढण्यात आला. तरीही लावण्याच्या जागी गाठ असल्यास ते वर्ज्यच आहे. मधुमेही पावलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 2023 च्या मार्गदर्शनात वृद्धिघटकांचा सरसकट वापर न करण्याचा सल्ला दिला आहे. औषध महाग असते, हेही कुटुंबाने ध्यानी घ्यावे.

मूळ उपचार जुनेच आहेत: मृत भाग तज्ज्ञाकडून काढणे, जंतुसंसर्ग आवरणे, रक्तवाहिन्या तपासणे, साखर ताब्यात ठेवणे आणि व्रणावरचा भार काढणे. या शेवटच्या गोष्टीचे श्रेय पुष्कळसे वेल्लोरला जाते. तेथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांना प्लास्टर घालून व्रण बरे केले; तीच रीत पुढे अमेरिकेत मधुमेहींना उपकारक ठरली. दिवसभर व्रणावर टेकून चालायचे आणि रात्री महागडे जेल लावायचे, हा भरल्या घागरीला भोक पाडण्याचा प्रकार होय.

घरच्यांनी एवढे करावे. रोज रात्री दिव्याच्या उजेडात वडीलधाऱ्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकवत नसेल त्यांना आरसा द्यावा. घरातही चप्पल घालावी, घालण्यापूर्वी ती झटकावी. गरम पाण्याची पिशवी पायांशी नको. घट्टे घरी ब्लेडने कापू नयेत. जखमेवर हळद, चुना, राख यांचे प्रयोग करू नयेत. लाली, सूज, दुर्गंधी किंवा काळपटपणा दिसताच त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दुखत नाही म्हणून थांबू नये. न दुखणे हीच तर धोक्याची खूण आहे.