दप्तरात सापडलेले कूळ

अँटनी जॉन्सन या आफ्रिकी मनुष्याचे आत्मवृत्त कोठेही नाही. परंतु, वाचकहो, अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीची जमीन व न्यायदप्तरे त्याच्याविषयी पुष्कळ सांगतात. १६२१ साली तो तेथे दास म्हणून उतरला. १६५१ मध्ये त्याच्या नावे २५० एकरांची सनद झाली. १६५३ च्या आगीनंतर न्यायालयाने त्याची पत्नी मेरी व दोन मुली यांचा कर माफ केला. १६५५ मध्ये याच जॉन्सनने जॉन कॅसर या आफ्रिकी मनुष्यास न्यायालयातून आपला दास ठरवून घेतले! कुळाचा शोध घेणाऱ्यास हेही पान वाचावेच लागते. त्याच्या मृत्यूनंतर, १६७० मध्ये, पंचांनी त्यास काळा म्हणून परका ठरविले व ५० एकर सरकारजमा झाले. १६७७ मध्ये मेरीलँडात त्याचा नातू जॉन याने ४४ एकर घेतले. त्या जमिनीस त्याने नाव दिले ‘अंगोला’. कुळाच्या मूळ देशाचा माग संशोधक याच शब्दावरून काढतात.